ज्यांची सुटका अजून झालेली नाही, त्यांची साक्ष

आमची उपासना शुक्रवारी साडेअकराला संपते. शेवटच्या गीताचं एखादं कडवं उरलेलं असलं तरी संपते. दाराबाहेर पुढची मंडळी उभी असते, कधी तमिळ तर कधी नेपाळी, हातात बायबल आणि खांद्यावर झोपलेली लेकरं. कुवेतमध्ये उपासनेला परवानगी असलेल्या जागा मोजक्या आणि देवाला भजायला येणारे लोक कितीतरी देशांचे. त्यामुळे एकाच आवारातल्या खोल्या तासातासाने वाटून घ्याव्या लागतात. आपण पाच मिनिटं जास्त गायलो तर ती पाच मिनिटं दुसऱ्या कुणाच्या प्रार्थनेतून जातात. नियम योग्यच आहे, मी तो मनापासून मानते. तरीही तो मला बोचतो.

सगळ्यात जास्त बोचतो तो साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून मंडळीपुढे सांगायचं तेव्हा. साक्षीला माणशी दोन मिनिटं. मंडळीतले एक भाऊ पुढच्या खुर्चीवर मोबाईल घेऊन बसतात आणि वेळ झाली की हात वर करतात. रात्रपाळी करून, चौघींनी मिळून टॅक्सी करून आलेली बाई आठवडाभराचं ओझं मनात धरून उभी राहते आणि दोन मिनिटांत बसते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला गोव्यातल्या माझ्या वास्कोची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं. आमच्या वास्कोच्या मराठी मंडळीत साक्षीला कुणी कधी घड्याळ लावलेलं नाही. आजीच्या मैत्रिणीची साक्ष मिरजेपासून सुरू व्हायची. वानलेस हॉस्पिटलात झालेला जन्म, नवऱ्याची रेल्वेतली बदली, लोंढ्याच्या घाटात गाडी अडकली ती पावसाळी रात्र, आणि मग कुठे या आठवड्यात देवाने काय केलं ते. स्वयंपाकघरात पुलाव थंड व्हायचा. कुणी चुळबूळ करत नसे, कारण तिचं बोलणं आम्हाला पाठ होतं आणि तरी ते आम्हाला हवं असायचं.

माझं लहानपण अशा गावात गेलं जिथे स्तवनाला वेळेची अट ठाऊकच नव्हती. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह आपल्या सगळ्यांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीतून गाव सुटलं, त्याची ती कृतज्ञता, असं जुनी माणसं सांगत आली. आम्ही ख्रिस्ती, आमचा विश्वास वेगळा. पण नागपंचमीनंतर दिवसरात्र अखंड चालणारं भजन आमच्या खिडकीतून आत येतच असे. सुटलेल्या माणसांनी गायलंच पाहिजे, थांबू नये, हे मी शब्दांत शिकण्याआधी कानांनी शिकले होते. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मरिया मातेच्या, फेस्ताला तेल घेऊन रांगेत उभे राहणारे हिंदू आणि ख्रिस्ती, दोघेही पाहिलेत. आम्ही प्रॉटेस्टंट, नवस बोलत नाही. पण संकटातून सुटल्यावर देवाचे उपकार मानायला घराबाहेर पडायचं, चारचौघांत ते बोलून दाखवायचं, ही आपल्या गोव्याची रीत आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

आता ज्या गोष्टीने मला हे लिहायला बसवलं ती सांगते.

गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी साक्षी चालू होत्या. एकाला नवीन कंपनीत बदली मिळाली होती, एकीच्या बाळाचे रिपोर्ट चांगले आले होते, एका तरुणाचं ड्रायव्हिंग लायसन्स झालं होतं, आणि इथे ते सहज होत नाही. प्रत्येकामागे टाळ्या, प्रत्येकामागे ‘प्रभूची स्तुती असो’. शेवटी गोव्यातल्याच केपेची एक बाय उठली. ती इथे घरकाम करते. २०१५ च्या कायद्याने तिच्यासारख्यांना आठवड्याची एक सुट्टी दिलेली आहे, पण तिला ती दर आठवड्याला मिळतेच असं नाही, म्हणून ती आमच्यात क्वचित येते. पगाराचे काही महिने थकलेले. घरी जायची रजा पुन्हा पुन्हा पुढे ढकललेली. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, आम्ही त्यासाठी प्रार्थना करत होतो आणि आता तरी चांगली बातमी येईल म्हणून तिच्याकडे बघत होतो. ती कोकणीत एवढंच म्हणाली : “म्हजें काम अजून जावंक ना. पूण हांव उबी आसां. देव बरें करूं ताका.” माझं काम अजून झालेलं नाही, पण मी उभी आहे, त्याबद्दल आभार. आणि बसली. दोन मिनिटांतलं अर्धं मिनिटही तिला लागलं नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. कशाला वाजवायच्या हे कुणाला कळलं नाही. आमच्या मंडळीत त्या दिवशी स्तवन कुणी केलं असेल तर तिने केलं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

तेव्हापासून मी शास्त्रात एकच गोष्ट शोधत वाचते आहे : सुटकेच्या आधी कोण गायलं? ‘परमेश्वर माझं बळ आणि माझं गीत आहे, तोच माझं तारण झाला आहे’ हे वाक्य बायबलमध्ये तीन ठिकाणी येतं. निर्गमाच्या पंधराव्या अध्यायात, एकशे अठराव्या स्तोत्रात आणि यशयाच्या बाराव्या अध्यायात. निर्गमात ते समुद्र पार केल्यावर गायलेलं आहे. फारोचे रथ बुडालेत, लोक कोरड्या जमिनीवर उभे आहेत, अशा वेळी कोण गाणार नाही? पण यशयात हेच गीत ‘त्या दिवशी तू म्हणशील’ अशा शब्दांखाली येतं. तो दिवस अजून उजाडलेला नाही. लोकांवर अश्शूरचं संकट आहे आणि देव त्यांच्या हाती गीत आधीच देऊन ठेवतो. तिन्ही ठिकाणी क्रमही तोच : आधी बळ, मग तारण. केपेच्या बायला पहिलं मिळालेलं आहे. दुसऱ्यासाठी ती थांबली आहे. थांबलेली असताना पहिल्याबद्दल उपकार मानायला तिला कुणी शिकवलं असेल? बहुतेक तिच्या आईने, मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लदीन ही सामूहिक प्रार्थना म्हणताना.

पौलाचंच बघा. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं होतं. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत, गीतं गात होते. मग भूकंप झाला, दारं उघडली, बंधनं सुटली. ही कथा आपण मुलांना हौसेने सांगतो, कारण तिचा शेवट सुटकेचा आहे. पण त्याच फिलिप्पैच्या मंडळीला पौलाने पुढे पत्र लिहिलं तेव्हाही तो बंदिवासातच होता, आणि त्या पत्रात भूकंप नाही. दार उघडल्याची बातमी नाही. उलट त्यात तो म्हणतो की भरपूर असताना कसं राहावं आणि उणं असताना कसं राहावं, दोन्ही मी शिकलो आहे, आणि मला जो बळ देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे. हे वचन आपल्या घरोघरच्या कॅलेंडरवर असतं. दहावीच्या मुलांच्या पाटीवर लिहिलेलं असतं. ते कोठडीतून आलेलं आहे, आणि ज्याने लिहिलं त्याची तेव्हा सुटका झालेली नव्हती. शरीरातला काटा निघावा म्हणून त्यानेच तीनदा विनंती केली होती. काटा राहिला, कृपा पुरली.

यावर वास्कोतून कुणी म्हणेल, बघा, परदेशी जाऊन आमच्या साक्षींना नावं ठेवते. तसं नाही. नोकरी लागली, गाठ साधी निघाली, कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला, यासाठी देवाची स्तुती करायलाच हवी. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि उपकार मानायला एकच परतला, तोही परका, तेव्हा बाकीचे नऊ कुठे आहेत असं प्रभूने स्वतः विचारलं. आपल्याकडे निदान माणसं परततात. इथले माझे युरोपियन सहकारी देवाच्या उपकाराबद्दल चारचौघांत चकार शब्द काढत नाहीत. तो त्यांचा खाजगी मामला. मला ते कधीच पटलेलं नाही. ज्याने वाचवलं त्याचं नाव मोठ्याने घ्यावं.

आमच्या मंडळीत एक वृद्ध गोंयकार अंकल आहेत. दर ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी ते उठतात. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा ते इथेच होते. बसने बगदाद, तिथून वाळवंटातून अम्मान, मग एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या वेळी लाखाहून अधिक भारतीय याच वाटेने परतले, त्यांत आपले गोव्याचे कितीतरी. अंकल सांगतात की हातात एक पिशवी होती आणि खिशात जपमाळ. त्यांनाही दोनच मिनिटं मिळतात. पण त्यांच्या साक्षीत एक गोष्ट मला नेहमी ऐकू येते. सुटका झाली तेव्हा त्यांचं सगळं गेलेलं होतं : जमवलेले पैसे, दुकान, खोलीतलं सामान. ते त्या दिवशीही ‘वाचलो’ म्हणाले आणि आजही म्हणतात. म्हणजे सुटकेची साक्षसुद्धा नीट ऐकली तर नुसती मिळकतीची नसते.

इथे हॉस्पिटलात केरळच्या सिस्टर्स मला विचारतात, मराठी माणसं ख्रिस्ती असतात? हा प्रश्न ऐकला की मी हातातलं काम थांबवून उत्तर देते. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, मराठी ओवीत. चारशे वर्षांपूर्वी आपल्या सालसेतच्या मातीत प्रभूची स्तुती मराठीत झालेली आहे. पुढे नारायण वामन टिळकांनी भजनं दिली, ती आम्ही अजून टाळ-पेटीवर म्हणतो. आणि ही भाषा अशा माणसांची आहे ज्यांनी देवाशी भांडत, रडत, वाट बघत गायलेलं आहे. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्याला अजून पोहोचलो नाही म्हणून गायचं थांबावं असं वाटत नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला केपेच्या बायची साक्ष समजायला जड जाऊ नये.

माझा भाऊ फोनवर म्हणतो, तिकडे दिनार मिळतात, म्हणून तुला स्तुती सुचते. तो प्रेमानेच म्हणतो, पण मला लागतं. बाबांची बायपास या पगारावर झाली. घराचं कर्ज या पगारावर फिटतं आहे. मी इथे आहे ती देवाने उघडलेल्या दारातून आहे, हे मी आधीही बोलले आहे आणि पुन्हा बोलेन. रविवारी सकाळी वॉर्डात इंजेक्शनं भरत असताना वास्कोत घंटा वाजत असेल हे मनात येतं, तेव्हा जे बळ पुरतं ते पगाराचं नसतं. आणि परत कधी येणार, या प्रश्नाला माझ्याकडेही अजून उत्तर नाही. माझीही एक विनंती आहे जी मंडळीला ठाऊक आहे आणि जिचं काम झालेलं नाही. तिच्याबद्दल मी आजवर साक्ष दिली नव्हती, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही असं वाटायचं. गेल्या शुक्रवारी उभी राहिले आणि सांगितलं. दीड मिनिट लागलं.

डिसेंबरात मी घरी येते आहे. आपल्या पाळकसाहेबांना फोन करून विचारलं की वर्षअखेरच्या उपासनेत, जिथे आपण वर्षभराच्या उपकारांच्या साक्षी देतो, तिथे ज्यांची वाट बघणं अजून संपलेलं नाही त्यांना आधी बोलू द्याल का? आधी म्हणजे अगदी सुरुवातीला, नोकऱ्या आणि लग्नांच्या साक्षींच्या अगोदर, कारण मागून बोलायला त्यांना अवघड वाटतं. त्यांनी लगेच हो म्हटलं आणि पंचांसमोर विषय ठेवला. पंचांनीही मान्यता दिली आहे. नाव आधी देण्याची गरज नाही, कारण सांगण्याचीही गरज नाही. ज्यांना बोलायचं त्यांनी उभं राहायचं. वेळेची मर्यादा नसेल, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. केपेच्या बायला तोवर रजा मिळाली तर ती माझ्याबरोबर वास्कोला येईल. नाही मिळाली तर तिने सांगितलेलं तिच्याच कोकणीत वाचून दाखवायची परवानगी तिने मला दिली आहे.