जपानी असूनही

परवा इथे लंडनमध्ये मित्सुको उचिदा यांचे पियानोवादन ऐकायला गेले होते. व्हिएन्नाचा संगीतकार शूबर्ट याने १८२८ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधी पूर्ण केलेला बी फ्लॅट स्वरातला सोनाटा, म्हणजे पियानोसाठीची अनेक भागांची रचना, होती. त्याच्या आरंभीच्या प्रार्थनेसारख्या संथ सुरावटीनंतर खर्जात एक दबका कंप येतो आणि मग क्षणभर नुसती शांतता असते. त्या शांततेला बाईंनी जेवढा वेळ दिला, तेवढ्यात सवाई गंधर्वच्या मंडपात शंभर जणांनी तरी ‘क्या बात है’ म्हटले असते. इथे कोणी हलले नाही. खोकलेसुद्धा तो भाग संपेपर्यंत आवरून धरलेले होते.

मध्यंतरात शेजारचे वयस्क गृहस्थ अतिशय सौजन्याने म्हणाले, की जपानी असूनही या बाईंना शूबर्ट किती आतून कळतो! मी हसून मान डोलावली आणि पुढे दोन दिवस त्या ‘असूनही’शी मनातल्या मनात भांडत राहिले. १९४८ साली अतामीत जन्मलेली ही मुलगी राजनैतिक सेवेतल्या वडिलांबरोबर बाराव्या वर्षी व्हिएन्नाला आली, चौदाव्या वर्षी तिथे पहिली मैफल केली आणि वडिलांची मायदेशी बदली झाल्यावरही शिकण्यासाठी तिथेच राहिली. १९७० मध्ये वॉर्सा आणि १९७५ मध्ये लीड्स, दोन्ही मोठ्या स्पर्धांत तिला दुसरे बक्षीस मिळाले, पण त्या वर्षांचे पहिले कोण, हे आज किती जणांना आठवते? १९८२ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये तिने मोत्सार्टचे सगळे पियानो सोनाटे वाजवले आणि खरे नाव तिथून झाले. पुढे क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राचे पियानोवर बसूनच संचालन करत ध्वनिमुद्रित केलेल्या मोत्सार्टला २०११ चे ग्रॅमी मिळाले. त्याआधीच, २००९ मध्ये, ब्रिटनने तिला ‘डेम’ हा मानाचा किताब दिला होता. एवढे झाल्यावरही ‘असूनही’ उरतेच का?

हे सगळे त्या गृहस्थांना सुनावण्याचा सराव चालू असतानाच मला आठवले, की पुण्यात एका परदेशी मुलीचा यमन ऐकून ‘गोरी असूनही सूर किती लागलाय’ असे मीच, चांगले मोठ्याने, म्हटले होते. अर्थात आपली गोष्ट थोडी वेगळी आहे. बंदिशीला भाषा असते, ब्रजातले शब्द तोंडात बसावे लागतात. पियानोला उच्चार नसतात. (जर्मन पोटात असल्याशिवाय शूबर्ट वाजत नाही, असे मानणारे इथे पुष्कळ आहेत. त्यांचे मला तेव्हा मुद्दामच आठवले नाही.)

गेल्या डिसेंबरात आम्ही सांगलीला गेलो होतो. माझी लेक लंडनमध्येच जन्मली आणि वाढली. तिने देवापुढे अथर्वशीर्ष म्हटले तेव्हा काकू म्हणाल्या, ‘तिकडे वाढूनही किती स्वच्छ म्हणते गं!’ ते वाक्य मी इथे आल्यावर निदान दहा जणींना सांगितले आहे.