दाराच्या तळाशी उरलेला पूर

गेल्या जूनमध्ये पावसाच्या तोंडावर आमच्या पंधरा वर्षे जुन्या गाडीची चालकाच्या बाजूची काच निम्म्यावर येऊन अडली. बाकी तिन्ही काचा चालत होत्या. स्विच दाबून ठेवून दारावर मुठीने ठोकले की काच चार बोटे सरके आणि पुन्हा थांबे. काच सरकवणारी मोटर अशी ठोकल्यावर चालत असेल, तर ती बहुधा कार्बन ब्रश, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजल्यामुळे अडते. तरीही मोटर विकत घेण्याआधी खात्री करून घ्यावी असे ठरवले, कारण फ्यूज, स्विच किंवा दाराच्या बिजागरीपाशी तुटलेली वायर यांपैकी काहीही असले तरी काच अशीच अडू शकते.

फ्यूज शाबूत होता. दाराचे पॅनेल काढताना हँडलमागच्या टोपणाखाली लपलेला स्क्रू सापडेपर्यंत अर्धा तास गेला आणि ओढाताणीत दोन क्लिपा तुटल्या. स्विच पॅनेलवरच असल्याने तो पुन्हा वायरला जोडला, मोटरचा कनेक्टर काढून त्यावर व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला आणि मुलीला स्विच दाबायला सांगितले. काच वर घेताना बारा व्होल्ट आणि खाली घेताना उणे बारा व्होल्ट दिसले. या मोटरची दिशा प्रवाह उलटा केला की बदलते, त्यामुळे दोन्ही आकडे मिळाल्यावर स्विच आणि वायर निर्दोष ठरले आणि दोष मोटरवरच आला.

परंतु त्याआधीच, पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा सोलताना, ओल्या मातीचा कुबट वास आला होता. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यात शिरले तेव्हा तिथल्या अकोटा भागातल्या आमच्या इमारतीखाली ही गाडी सीटच्या गादीपर्यंत बुडाली होती. नंतर गॅरेजमध्ये सीट धुतल्या गेल्या, गालिचे वाळवले गेले, इंजिनाचे तर पुष्कळ लाड झाले. दारे मात्र कोणीच उघडून पाहिली नाहीत, आणि खरे सांगायचे तर मलाही ते सुचले नाही. दाराच्या तळाशी बोटभर गाळ बसून पाणी निघण्याची भोके बुजली होती. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी नेहमीच दाराच्या आत उतरते आणि या भोकांतून बाहेर पडते; इथे ते साचत राहिले आणि मोटर त्या दमट हवेत गंजत राहिली.

मोटर सोडवण्यापूर्वी काच वर ओढून चिकटपट्टीने दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी पक्की बांधली. मोटरमधला वर्म गिअर, म्हणजे मळसूत्रासारखे दातेचक्र, काचेला जागच्या जागी धरून ठेवतो, म्हणून एरवी ती हाताने दाबून खाली जात नाही. मोटर निघाली की तो आधार जातो आणि काच थेट दारात कोसळते. माझ्या गाडीतला रेग्युलेटर, म्हणजे मोटरच्या जोरावर काच वर-खाली करणारी यंत्रणा, तारेवर चालणारा आहे. कात्रीसारख्या पट्ट्यांचा आणि स्प्रिंगचा रेग्युलेटर असेल तर पट्ट्या आधी जखडल्याशिवाय मोटर काढू नये, कारण स्प्रिंग सुटून बोटे चिरडू शकतात. बॅटरीची ऋण वायर काढली, तीन स्क्रू सोडवले आणि मोटर हातात आली. डाव्या आणि उजव्या दाराच्या मोटरी वेगळ्या असतात, म्हणून जुनी मोटर सोबत नेऊनच नवी आणली.

जुनी मोटर कुतूहलापोटी उघडली. एक ब्रश झिजून नखाएवढा उरला होता, आणि त्याची काळी पूड ओलाव्यात कालवून काजळासारखी सगळीकडे माखली होती. आतल्या चुंबकाभोवती तांबूस गंजाचे कडे होते.

नवी मोटर बसवायला वीस मिनिटे लागली. गाळ काढण्यात मात्र पूर्ण दुपार गेली. भोकांतून खराट्याचा हीर फिरवला, काच ज्या रबरी खाचेतून सरकते ती पुसून सिलिकॉन फवारले आणि पॅनेल लावण्याआधी काच पाच-सहा वेळा वर-खाली करून पाहिली. पडद्याचा काळा चिकट पट्टा हेअर ड्रायरने ऊब देऊन पुन्हा घट्ट दाबला, कारण तो सैल राहिला तर पाणी भोकांकडे न जाता पायाखालच्या गालिच्यात उतरते.

शेवटी बंद काचेवरून तांब्याभर पाणी ओतले. दाराखालून आधी गढूळ धार आली, दुसऱ्या तांब्याला ती फिकी झाली आणि तिसऱ्याला नितळ.