शेऱ्याचा रकाना

भांडी आवरून दुपारी जरा आडवी होणार, तेवढ्यात देवगडच्या बागायतदाराच्या मुलाचा फोन. "ताई, तुमच्या सोसायटीच्या हापूसच्या मागणीच्या शीटमध्ये एकूण 46,233 डझन दिसतायत. आमची अख्खी वाडी विकली तरी एवढे निघणार नाहीत हो."

लॅपटॉप उघडला. बी-304 ने 'किती डझन' या रकान्यात '4-5' असं लिहिलं होतं. माणसाच्या मनात चार घेऊ की पाच असं चाललेलं असतं. शीटला एवढी चलबिचल समजत नाही. तिने त्याची 4 मे करून टाकली. आणि शीटच्या पोटात तारीख म्हणजे 30 डिसेंबर 1899 पासून मोजलेले दिवस. ते सगळे दिवस तिने इमानदारीने हापूसमध्ये मिळवले. उरलेल्या सोसायटीचे खरे डझन 87.

यात आपणच अडाणी असं वाटायचं कारण नाही. जनुकांची नावंसुद्धा एक्सेल अशीच तारखा समजून बदलत असे. SEPT1 लिहिलं की 1 सप्टेंबर. शेवटी 2020 साली शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलला समजावण्यापेक्षा ते सोपं पडलं असावं. मीही बी-304 ला काही न समजावता पाच करून टाकले. चार मागवले असते तर शेवटी पाचवा माझ्याच गळ्यात आला असता.

आमच्या आईची शीट फुलस्केप कागदाची होती. मुंबई ग्राहक पंचायत 1975 साली सुरू झाली आणि डोंबिवलीत आमच्या आजूबाजूची बरीच घरं तिच्यात होती. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ, सगळ्यांची महिन्याची मागणी एकत्र, आणि माल आला की कुणातरी सभासदाच्या घरी वाटप. आमच्याकडे वाटप असलं की दिवाण भिंतीला सरकायचा, सतरंजी अंथरली जायची आणि बाहेरच्या खोलीचं गोडाऊन व्हायचं. तूरडाळ, पोहे, चहापूड, साबण. उभ्या ओळीत नावं, आडव्या ओळीत वस्तू. मी यादी मोठ्याने वाचायची, "सामंत, पोहे दोन, साबण चार," आणि आई पिशव्या लावत जायची. झालं की तिच्या पेन्सिलीची तिरकी बरोबरची खूण. खोलीत साबण आणि चहापुडीचा असा काही संमिश्र वास भरायचा की पुढचे दोन दिवस चहा न्हाणीघरात बसून प्यायल्यासारखा वाटायचा. गंमत म्हणजे पिशव्या नेऊन झाल्या तरी बायका उठायच्या नाहीत. कुणाच्या नणंदेचं कुठे जमतंय, कुणाच्या घरी पाणी चढत नाही, हे सगळं त्या सतरंजीवर व्हायचं. त्याला आईच्या कागदावर रकाना नव्हता.

माझ्या शीटमध्ये आहे. शेवटचा, 'शेरा' नावाचा. खरं तर तो मी 'बॉक्स कुठे ठेवायचा' एवढ्यासाठी केला होता. बाकीचे रकाने मी कुलूपबंद ठेवते, कारण लोक सेल मर्ज करतात, आणि सेल मर्ज करणाऱ्या माणसाबद्दल माझं मत चांगलं राहत नाही. रंगांचंही माझं ठरलेलं आहे: पैसे आले हिरवा, 'जीपे केलंय' म्हणाले पण आले नाहीत तो पिवळा. लाल मी वापरत नाही. रोज जिन्यात भेटायचं असतं.

पण शेऱ्यात लोक मोकळे सुटतात. "मागच्या वेळी वरची फळं मोठी आणि खालची लहान होती, बघा." "एक डझन तयार, बाकीचा कच्चा." "नैवेद्यापुरता एक पिकलेला मिळाला तर बरं." "ह्यांना साखर आहे. दोन डझनच. त्यांनी तुम्हाला वेगळं सांगितलं तर ऐकू नका." आणि त्याखालीच, त्याच फ्लॅटमधून, रात्री साडेअकराला: "तीन करा. हिला बोलू नका." नवराबायको एकाच शीटमध्ये, एकाच ओळीत, आणि दोघांना वाटतं की हे फक्त मी वाचणार.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मुलगा विचारतो. त्याच्या ॲपवर हापूस दहा मिनिटांत दारात येतो. डझनामागे वाचतात ते पैसे टेम्पोच्या भाड्यात आणि माझ्या फोनांत निम्मे जातात, हे मलाही कळतं. बाजारात दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावावर खपतो, 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तरी खपतो, आपला बागायतदार ओळखीचा आहे, असं मी त्याला ऐकवते. ते खरंही आहे. पण तेवढंच नसावं. काय ते नीट मांडायला बसले होते, इतक्यात ए-201 चा मेसेज आला की त्यांचे सहा डझन आणि त्यांच्या बहिणीचे दोन वेगळ्या ओळीत टाका, बिल मात्र एकच. झालं, राहिलं ते.

टेम्पो शनिवारी येईल. हिशोबात 40 रुपये जास्त दिसतायत. कोणाचे असतील त्यांनी शेऱ्यात लिहा, नाहीतर पावसाळ्याच्या कांद्यात वळते करते.