मायक्रोवेव्हची घरघर : कव्हर उघडण्याआधी लय मोजण्याची नोंद

आमच्या स्वयंपाकघरातला २८ लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह नऊ वर्षांचा झाला असून गेल्या महिन्यापासून तो इतका आवाज करू लागला होता, की सकाळी दूध तापवायला ठेवले की पिठाच्या गिरणीशेजारी उभे राहिल्यासारखे वाटते, असे आई म्हणू लागली. एका दुरुस्ती करणाऱ्याने आवाज न ऐकताच फोनवर मॅग्नेट्रॉन, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी निर्माण करणारा भाग, बदलायला सांगितले. ते मला पटले नाही, म्हणून कव्हरच्या बाहेर राहून यंत्राकडून जेवढे कळून घेता येईल तेवढे आधी कळून घ्यायचे आणि मगच स्क्रू फिरवायचा, असे ठरवून हे काम हाती घेतले.

पहिला रविवार : आवाज वेगळे करणे

या कामात मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो कमी शक्तीच्या बटणाचा. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे वजनदार ट्रान्सफॉर्मर असलेल्या मायक्रोवेव्हमध्ये शक्ती कमी केल्यावर मॅग्नेट्रॉन मंद चालत नाही; तो काही सेकंद पूर्ण शक्तीने चालतो आणि काही सेकंद पूर्ण बंद राहतो, तर आतली थाळी आणि थंडावा देणारा पंखा मात्र अखंड फिरत राहतात. (इन्व्हर्टर, म्हणजे वजनदार ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट, असलेल्या यंत्रांना ही युक्ती जशीच्या तशी लागू पडत नाही.) काचेच्या भांड्यात १ लिटर पाणी ठेवून मी ३० टक्के शक्तीवर पाच मिनिटे नुसता कान देऊन उभा राहिलो.

रिलेचा, म्हणजे आतल्या आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचचा, ‘कट्’ आवाज येतो आणि साधारण दोन सेकंदांनी, म्हणजे मॅग्नेट्रॉनची फिलामेंट (आतली तार) तापल्यावर, एक खोल हुंकार सुरू होतो. पुढच्या ‘कट्’बरोबर तो थांबतो. हा आवाज ट्रान्सफॉर्मरचा. ज्या घरघरीची तक्रार होती ती मात्र हुंकार सुरू असताना आणि थांबल्यावरही तसूभर बदलत नव्हती, आणि याच एका निरीक्षणाने मॅग्नेट्रॉनवरचा आरोप माझ्यापुरता गळून पडला. या दोन्हींच्या पलीकडे ठरावीक अंतराने येणारा एक बारीक ‘टक्’ होता, ज्याकडे घरात कोणाचे लक्षच गेले नव्हते.

त्याच दिवशी तापण्याची क्षमताही मोजून ठेवली. १ लिटर पाणी पूर्ण शक्तीवर दोन मिनिटांत २४ अंशांवरून ४३.५ अंशांवर गेले. भांड्याने घेतलेली उष्णता सोडून दिली तर हे सुमारे ६८० वॅट होतात. पाटीवर ९०० वॅट लिहिलेले आहेत, परंतु आयईसी या विद्युत उपकरणांची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रमाणित चाचणीत पाणी १० अंशांपासून तापवायला सुरुवात करतात आणि भांड्याचाही हिशेब धरतात, त्यामुळे घरगुती आकडा कमीच येणार. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की यंत्र व्यवस्थित तापत होते. हुंकार एकाएकी फार मोठा झाला आणि पाणी मात्र थंडच राहिले, तर उच्च विद्युतदाबाचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) किंवा मॅग्नेट्रॉन शॉर्ट झाल्याचा संशय घ्यावा आणि यंत्र ताबडतोब बंद करावे.

दुसरा रविवार : ‘टक्’ची लय

हा भाग मला सर्वांत आवडला, म्हणून तो सविस्तर लिहितो. थाळीच्या मोटरवर ‘५/६ आरपीएम’ (मिनिटाला पाच किंवा सहा फेरे) असे लिहिलेले असते. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या, पुरवठ्यावर ती मिनिटाला पाच फेरे घेते, म्हणजे थाळीचा एक फेरा १२ सेकंदांचा. थाळीखालची तीन चाकांची प्लॅस्टिकची कडी मात्र त्याच वेगाने फिरत नाही. तिची चाके खालचा स्थिर पत्रा आणि वरची फिरती काच यांच्यामध्ये दाबली जाऊन लोळत असतात, म्हणून कडी थाळीच्या निम्म्या वेगाने सरकते आणि तिचा फेरा २४ सेकंदांचा होतो.

आता दोष कोठे असेल तर आवाज किती वेळाने येईल, हे कागदावर मांडता येते. दोष मोटरमध्ये किंवा थाळी फिरवणाऱ्या मधल्या खुंटीत असेल, तर तो १२ सेकंदांनी ऐकू यावा. एखादे चाक एका बाजूने घासले असेल, तर आवाज फार लवकर लवकर यावा, कारण माझ्या कडीतले चाक दीड सेंटिमीटरचे आणि त्याचा मार्ग १८ सेंटिमीटर व्यासाचा असल्याने ते दर दोन सेकंदांना एक गिरकी घेते. परंतु चाकांच्या मार्गावर एखाद्या जागी काही चिकटले असेल, तर त्या जागेवरून तिन्ही चाके पाळीपाळीने जातील आणि ‘टक्’ दर ८ सेकंदांनी येईल.

स्टॉपवॉच लावून दहा ‘टक्’ मोजले तेव्हा सरासरी अंतर ८ सेकंदांच्या अगदी जवळ आले. कडी उचलून पत्र्यावरून बोट फिरवल्यावर उजव्या कोपऱ्याकडे साखरेच्या पाकाचा एक कडक, पारदर्शक थेंब लागला, जो डोळ्यांना दिसतही नव्हता. कोमट पाण्यात भिजवलेले फडके दहा मिनिटे त्यावर ठेवले आणि तो निघून आला. सुरीने खरवडण्याचा मोह टाळला, कारण आतला रंग उडाला की पुढे पत्रा गंजतो.

तिसरा रविवार : पंख्याची घरघर

गरम हवा खेळवणारा मागचा पंखा आमच्या यंत्रात मायक्रोवेव्ह पद्धतीत बंद असतो, त्यामुळे उरला तो मॅग्नेट्रॉनला वारा घालणारा पंखा. सकाळच्या पहिल्या वापराला घरघर अधिक आणि यंत्र तापल्यावर कमी, हे बुशमधले, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या नळकांड्यातले, तेल सुकल्याचे लक्षण मला ओळखीचे होते.

येथे सोबतच्या छंदिष्टांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर प्राणघातक विद्युतदाबाला भारलेला राहू शकतो. त्याच्या आत भार निचरून टाकणारा रोधक बहुधा असतो, पण तोच निकामी झालेला असू शकतो, म्हणून त्याच्या भरवशावर हात घालू नये. मी हे काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांकडे बसून शिकलो आहे. ज्यांनी शिकलेले नाही त्यांनी कव्हरपाशीच थांबावे आणि पुढचे काम जाणकाराकडे द्यावे. दार उघडे असताना यंत्र चालू न देणाऱ्या मायक्रोस्विचना तर मीही हात लावला नाही.

कपॅसिटरचा भार काढून तो मीटरने तपासल्यावर पंखा बाहेर काढला. शेडेड पोल प्रकारची साधी मोटर, दोन्ही टोकांना सच्छिद्र ब्राँझचे बुश आणि त्यांना तेल पुरवणारी नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती, जी पूर्ण कोरडी होऊन धुळीने काळी पडली होती. धूळ ब्रशने काढली, चकतीला शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब पाजले, शाफ्ट (मोटरचा दांडा) हाताने फिरवून तेल आत मुरू दिले आणि जादाचे पुसून घेतले. गंज सोडवणारा स्प्रे येथे वापरू नये, कारण तो उरलेसुरले तेलही धुऊन नेतो आणि आठवड्याभरात आवाज परत येतो. शाफ्ट बाजूला हलवून पाहिला तर मागच्या बुशमध्ये किंचित खेळ (सैलपणा) जाणवला.

कव्हर परत लावताना उरलेल्या आवाजाचेही एक कारण सापडले. मागच्या सहा स्क्रूंपैकी दोन सैल होते आणि ट्रान्सफॉर्मरच्या हुंकाराबरोबर पत्रा थरथरत होता. पूर्वी कव्हरवर तळवा दाबल्यावर आवाज का कमी होत असे, ते आता कळले. ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकत्वामुळे प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित ताणतो आणि सैलावतो, त्यामुळे १०० हर्ट्झची ती मूळ गुणगुण राहणारच, आणि ती घालवण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

एक मीटरवर त्याच जागी ठेवलेल्या फोनमधील आवाज-मापकाने पूर्वी ६४ डेसिबल दाखवले होते, आता ५७ दाखवले. हे आकडे केवळ परस्परांशी ताडून पाहण्यापुरते धरावेत. पाण्याची चाचणी पुन्हा केली तर तापमानवाढ १९.५ अंशच आली. मागच्या बुशमधला खेळ तेलाने भरून येणारा नाही, म्हणून पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळाजवळून त्याच मापाची पंख्याची मोटर आणून ठेवली आहे आणि सकाळच्या पहिल्या वापराचा आवाज दर रविवारी मोजून वहीत लिहीत आहे. तो ६० च्या वर गेला की मोटर बदलायची.