आडतीच्या पट्टीचे अ‍ॅप : चौथ्या महिन्याची नोंद

परभणीच्या मोंढ्यात सोयाबीन घालणाऱ्या शेतकऱ्यांसाठी मी एकट्याने एक अँड्रॉइड अ‍ॅप तयार करत आहे. आडत्याने दिलेल्या पट्टीवरचे, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावतीवरचे, वजन, भाव, हमाली आणि तोलाई नोंदवली की हाती पडणारी रक्कम निघते आणि हंगामभराच्या पट्ट्या एका जागी राहतात. शिवारात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून सारी माहिती फोनमध्येच, 'रूम' या अँड्रॉइडच्या डेटाबेस सोयीत, ठेवली आहे.

या महिन्यातला बहुतेक वेळ एका दोषाने घेतला. माझ्या चुलत्यांनी ओसरीवर बसून माझ्यासमोर पट्टी भरली. भाव ४३०० लिहिला तो लागला, वजन १२.४० लिहिले की खालचे बटण मंदच राही. "भाव घेतंय, वजन घेईना," असे म्हणत त्यांनी तीनदा खोडून पुन्हा लिहिले. त्यांचा कीबोर्ड मराठी, त्यामुळे अंक देवनागरी होते. कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत मजकुराचा पूर्णांक करताना देवनागरी अंक बिनतक्रार चालतात, दशांश संख्या करताना मात्र चालत नाहीत. आणि भाव मी पूर्णांक म्हणून वाचत होतो, वजन दशांश म्हणून. माझ्या फोनवर इंग्रजी अंक असल्याने हे मला कधीच दिसले नसते. आता प्रत्येक अंक आधी इंग्रजी रूपात बदलून मगच वाचतो. मराठीत अ‍ॅप करणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी पहिल्याच दिवशी करावी, असे मला मनापासून वाटते.

प्ले स्टोअरची बंद चाचणी, म्हणजे सर्वांसाठी खुले करण्याआधी निवडक परीक्षकांकडून होणारी चाचणी, हीही पूर्ण झाली. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ती बंधनकारक आहे. परीक्षकांची किमान संख्या आधी २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ झाली. हे परीक्षक सलग १४ दिवस सामील राहावे लागतात. मी सोळा जण घेतले ते बरे झाले, कारण एकाने फोन बदलला आणि दोघांनी दुव्यावर दुसऱ्याच जीमेल खात्याने प्रवेश केला होता.

प्रसारासाठी जाहिरात लागेल हा माझा आधीचा अंदाज चुकला. अ‍ॅपच्या नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी हेही वेगळे मोजले जातात. त्यात बसत असूनही 'शेतमाल विक्री व्यवस्थापन' हे भारदस्त नाव काढून 'आडत पट्टी हिशोब' ठेवले. मोंढ्यात कुणीही 'व्यवस्थापन' म्हणत नाही. खरा उपयोग मात्र पट्टीचे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याच्या सोयीचा झाला. भावाभावांत वाटणी असते तिथे पट्टी दुसऱ्या भावाला पाठवावीच लागते, आणि ते चित्र पाहून तो अ‍ॅपबद्दल विचारतो. त्यामुळे चित्राच्या तळाशी अ‍ॅपचे नाव ठळक केले आहे आणि जाहिरातीसाठी बाजूला ठेवलेले पैसे तसेच राहू दिले आहेत.

सुधारलेली आवृत्ती काल चुलत्यांच्या फोनवर टाकली. त्यांनी १२.४० लिहिले, बटण लगेच हिरवे झाले, आणि मग त्यांनी गेल्या हंगामाच्या जुन्या पट्ट्यांची पिशवी काढली.