आमची वाटचाल: फोटोखाली नाव आणि वेळेवर पैसे

आमची फर्म छोटीच आहे, काही फ्रीलान्स फोटोग्राफर एकत्र येऊन सुरू केलेली, आणि सुरू केली कारण एकट्यादुकट्या फोटोग्राफरला कोणीही गृहीत धरतं. "दोन तासांचं तर काम आहे, तुमचंच नाव होईल" म्हणून बोलावतात आणि फोटो छापला की खाली "सौजन्य: इंटरनेट". पैशांचं विचारलं की बिल अजून वर गेलंय, साहेबांची सही राहिलीये, पुढच्या महिन्यात बघू.

आता हे दोन तासांचं काम म्हणजे काय ते सांगतो. शूटवरून आलं की आधी कार्ड कॉपी करायचं, दुसऱ्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्यायचा, मग शेकडो फ्रेम एकेक बघत बसायचं, मिटलेले डोळे आणि हललेले फोटो बाजूला काढायचे, उरलेल्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या, फाइल्सचा रंग-उजेड नीट करायचा, प्रत्येकाला कॅप्शन लिहायचं, आणि हे होईपर्यंत रात्र गेलेली असते. लेन्स, सॉफ्टवेअर, इन्शुरन्स आणि काम नसलेले दिवस, सगळं त्याच एका रेटमधून भागवायचं असतं.

म्हणून आम्ही पहिल्यांदा कोटेशनच बदललं. सगळ्याचा मिळून एकच आकडा देणं बंद. शूटची फी वेगळी, एडिटिंग वेगळं, आणि वापराची फी वेगळी, म्हणजे फोटो वेबसाइटवर जाणार की होर्डिंगवर, किती काळ, आणि फक्त त्यांनाच की आम्ही दुसऱ्यालाही देऊ शकतो. घर भाड्याने दिलं म्हणून भाडेकरू मालक होत नाही, तेवढंच हे साधं आहे. एका ग्राहकाने वेबसाइटपुरते घेतलेले फोटो सरळ पॅकिंगवर छापले, आम्ही जादा वापराचं बिल पाठवलं, बरीच चिडचिड झाली पण कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, पैसे आले. काही ग्राहक या पद्धतीमुळे सोडूनही गेले, जाऊ देत.

ही कल्पना काही आमची नाही. १९४७ साली रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ वगैरे फोटोग्राफर मंडळींनी मॅग्नम फोटोज ही स्वतःच्याच मालकीची एजन्सी काढली तीच मुळी फोटोंचे हक्क मासिकांकडे न जाता फोटोग्राफरकडे राहावेत म्हणून.

नावाची लढाई पैशांपेक्षा चिवट आहे. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या कलम ६ बिसमध्ये आहे की आर्थिक हक्क दुसऱ्याला दिले तरी ही कृती माझी आहे असं सांगायचा हक्क निर्मात्याकडेच राहतो, पण फोटो अपलोड झाला की बऱ्याच साइट्स त्यातला मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली नाव-कॉपीराइटची माहिती, काढून टाकतात आणि फोटो बेवारस होतो. फोटोग्राफर डॅनियल मोरेल यांचंच बघा, २०१० च्या हैती भूकंपाचे त्यांनी ट्विटरवर टाकलेले फोटो एएफपी ही वृत्तसंस्था आणि गेटी ही फोटो एजन्सी यांच्यामार्फत जगभर गेले, तेही आधी भलत्याच माणसाच्या नावाने, आणि २०१३ मध्ये ज्युरीने त्यांना १२ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. एवढं लढणं प्रत्येकाला कुठे परवडतं! म्हणून आम्ही प्रत्येक फाइलमध्ये आयपीटीसीच्या, म्हणजे फोटोची माहिती भरायच्या ठरलेल्या, रकान्यांत नाव, कॉपीराइट, संपर्क भरतोच, शिवाय श्रेय कसं आणि कुठे छापायचं ती ओळ करारात जशीच्या तशी लिहून देतो.

आम्ही स्वतः बाहेरचे फ्रीलान्सर घेतो तेव्हा त्यांचे पैसे ग्राहकाच्या पेमेंटवर लटकवत नाही, ठरलेल्या तारखेला देतो आणि फोटोखाली फर्मच्या आधी त्यांचं नाव. हे जमवताना महिनाअखेरीला आमची ओढाताण होते, पण ज्यासाठी फर्म काढली तेच सोडायचं का?

आता नवीन प्रकार सुरू झालाय. परवा आलेल्या एका करारात मधेच एक ओळ होती की सगळे फोटो एआयच्या ट्रेनिंगसाठीही वापरता येतील, जादा फीचा उल्लेखच नाही. ती ओळ आम्ही खोडली, त्यासाठी वेगळी परवानगी आणि वेगळी फी असं लिहून करार परत पाठवलाय, त्यांचं उत्तर अजून यायचंय.