शरणपूर ते बाळ येशू: फेडीची नव्हे, कृपेची वाट

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. आम्ही नाशिकमधल्या शरणपूरहून पायी निघतो. निघायचं पहाटे पाचला. हवा बोचरी असते, पण दहानंतर ऊन चढतं आणि अनवाणी चालणाऱ्यांचे तळवे डांबरावर भाजतात. त्र्यंबक नाका, सीबीएस, सारडा सर्कल, द्वारका आणि तिथून पुणे रस्त्याने उपनगर ओलांडून मंदिर. म्हातारी माणसं बरोबर असली की सहज तीन तास लागतात. नव्या चपला घालून येऊ नये, जुन्या मळलेल्याच बऱ्या.

सोबत चालणाऱ्यांत नवस फेडायला आलेले पुष्कळ असतात. पोरीचं लग्न जमलं, ऑपरेशन पार पडलं, म्हणून चालायचं. नवस बोलणाऱ्याला मी कमी लेखत नाही. अडलेला माणूस देवाच्या दाराशी येतो, हे मोठंच आहे. पण मनात 'मी एवढं चाललो, आता तू एवढं दे' असा हिशोब सुरू झाला की वारी आतून पोकळ होते. कृपा हा शब्दच हिशोबाच्या बाहेरचा आहे. कमावली तर ती मजुरी झाली. बायबलमधल्या पत्रात संत पौलाने इफिसकरांना हेच लिहिलं: तारण हे देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही. आणि त्याच दमात पुढे लिहिलं की सत्कर्मांसाठीच आपल्याला नव्याने घडवलं आहे. आधी दान, मग चालणं. हा क्रम उलटला की बाकी सगळंच उलटतं.

निघण्याची जागा शरणपूर असावी, असा माझा आग्रह त्यासाठीच. चर्च मिशनरी सोसायटीने 1854च्या सुमारास ही वसाहत वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईमार्गे इथे आली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. या मुलांनी स्वतःची किंमत मोजून सुटका विकत घेतली नव्हती. दुसऱ्याने बेडी तोडली आणि ती एका दिवसात मोकळी झाली. सुतारकाम, लोहारकाम, अक्षरं शिकायला मात्र वर्षं लागली. कृपेचंही तसंच आहे: सुटका क्षणात होते, मोकळ्या माणसासारखं जगायला शिकणं सावकाश चालतं.

शरणपूरचं सेंट अँड्र्यूज चर्च प्रोटेस्टंटांचं, बाळ येशूचं मंदिर कॅथलिकांचं. आमच्या दिंडीत दोन्हीकडचे चालतात. कृपेवरूनच चर्च फुटलं होतं, आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लुथरन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) यांनी मिळून सही केली की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने. पाचशे वर्षांचं भांडण एका सहीने संपत नाही, पण चालताना त्याची आठवण काढावी.

चालताना जपमाळ. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट, मिळून 50, आणि सुरुवातीच्या तीन धरून 53 वेळा 'नमो मरिये, कृपापूर्णे'. पुढच्यांनी अर्धी प्रार्थना म्हणायची, मागच्यांनी उरलेली. रांग लांबली की आवाज पोहोचत नाही आणि दोन्ही बाजू एकमेकींवर चढतात, म्हणून वीस-पंचवीस जणांचा एक गट. द्वारकेला मात्र जप थांबवायचा. तिथल्या ट्रकांत डोळे उघडे ठेवणं हीच प्रार्थना.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या पापनिवेदनात, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करण्यात. यात्रेच्या दिवशी रांग मोठी, मागून ढकलाढकली, मग माणूस पाठ केलेली यादी घाईघाईत म्हणून टाकतो. तयारी आदल्या रात्री करावी. पंधरा मिनिटं शांत बसून आधी पवित्र आत्म्याकडे उजेड मागायचा आणि मगच स्वतःकडे पाहायचं. उलट केलं तर एक तर सबबी सुचतात, नाही तर नैराश्य येतं. मग पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, फादरांपुढे स्पष्ट निवेदन आणि सांगितलेलं प्रायश्चित्त. सुनेच्या चुका सासूने सांगणं हे निवेदन नव्हे. सांगायची ती आपली पापं. येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट इथे नीट आठवावी. वाटणी उधळून बापाकडे परतताना त्याने मनाशी तीन वाक्यं जुळवली होती, शेवटचं 'मला मोलकरी म्हणून ठेवा'. प्रत्यक्षात ते वाक्य त्याच्या तोंडून बाहेरच पडत नाही; बाप तोवर झगा आणायला सांगून मोकळा झालेला असतो. मजुरीची बोली बापाने ऐकूनच घेतली नाही.

मंदिरात मेणबत्ती लावून, मूर्तीला हात जोडून लगेच बस पकडणारे बरेच. ही भक्ती मूळची युरोपातल्या प्राग शहराची. तिथली बाळ येशूची मूर्ती 1628 मध्ये सरदार घराण्यातल्या एका स्त्रीने कार्मेल संघाच्या संन्याशांना दिली. पण मूर्ती बोट दाखवते ती वेदीकडे. मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, पूर्ण ऐकावी, ख्रिस्तप्रसाद घ्यावा. त्याआधी तासभर काही खाऊ नये, पाणी चालतं.

मग येतो मंगळवार. घरात तोच राग, तीच जीभ. 'माझ्यात काही बदललंच नाही,' म्हणत पुष्कळजण इथेच सोडून देतात. अशा वेळी शरणपूरच्या सुतारशाळेतली मुलं आठवावीत. हातोडा बोटावर बसला म्हणून कोणी त्यांना परत जहाजावर चढवलं नाही. एकच दोष धरावा, सगळे नव्हेत. रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं प्रार्थना, महिन्यातून एकदा पापनिवेदन. कोरडेपणा आला तरी वेळ मोडू नये, कारण भावना आटली म्हणजे कृपा आटली असं नाही.

आणि कोणाशी अबोला असेल तर तो मोडण्याचं काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. नाशिकरोडच्या बिटको चौकात बसची वाट पाहताना हातात फोन असतोच. तिथूनच भावाला लावावा.